वेळ कुठून आली, कशी आली, किती टिकेल

पावसाळ्याच्या रात्री वीज कडाडते आणि शेकडो किलोमीटर लांबीची एखादी अतिउच्चदाब वाहिनी ट्रिप होते. नियंत्रण कक्षात पहिला प्रश्न येतो तो दोष नेमका कुठे आहे हा. उत्तर चुकले तर दुरुस्तीची गँग भलत्याच टॉवरपाशी पोचते. काळ्या जमिनीच्या चिखलातून, पऱ्हाटी-तुरीच्या वावरांतून माणसे टॉवरमागून टॉवर तपासत राहतात आणि वाहिनी बंदच असते.

हे उत्तर शोधण्याची सर्वांत नेमकी रीत घड्याळावर उभी आहे. दोष झाला त्या जागेहून दोन्ही टोकांकडे विद्युत लहर धावते, जवळपास प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर. दोन्ही उपकेंद्रांतली यंत्रे ती लहर आपल्यापाशी कधी पोचली ते टिपतात आणि दोन वेळांतल्या फरकावरून दोषाचे अंतर निघते. दोन घड्याळांत एका मायक्रोसेकंदाची तफावत असेल तर उत्तर १५० मीटरने चुकते. तेवढे चालते, टॉवर सापडतो. तफावत एका मिलिसेकंदाची असेल तर मात्र चूक १५० किलोमीटरची होते.

वर्धा जिल्ह्यासाठी ही गोष्ट दूरची नाही. वर्ध्याचे पॉवरग्रिडचे ७६५/४०० किलोव्होल्ट उपकेंद्र देशाच्या वीजजाळ्यातल्या मोठ्या गाठींपैकी एक आहे. छत्तीसगडच्या बाजूने रायपूर, मध्य प्रदेशातून सिवनी, पश्चिमेला छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि दक्षिणेला निजामाबादमार्गे हैदराबाद, अशा दिशांना येथून वाहिन्या जातात. अशा ठिकाणी घड्याळ चुकले तर त्याचा परिणाम चार राज्यांच्या नोंदींवर होतो.

नेटवर्कवरच्या उपकरणांची वेळ मायक्रोसेकंदापर्यंत जुळवण्याचे तंत्र आज प्रौढ झाले आहे. मानके आहेत, बाजारात उपकरणे आहेत, फुकट मिळणारी साधनेही आहेत. तरीही घड्याळे चुकतात, कारण आपण घड्याळ लावतो आणि विसरतो. या लेखात मी या विषयाचा आढावा तीन प्रश्नांच्या आधाराने घेतो आहे. उपकरणापाशी वेळ कुठून आली? कोणत्या वाटेने आली? आणि मूळ स्रोत तुटला तर ती किती काळ विश्वासाची राहील?

वर्ध्याचा सूर्य आणि देशाची वेळ

हे प्रश्न नवे नाहीत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, वर्धा सुमारे ७८.६ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर वर्ध्याची सूर्यावरची सरासरी वेळ घड्याळाच्या साडेपंधरा मिनिटे मागे पडते. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली. त्याआधी रेल्वेची वेळापत्रके मद्रासच्या वेळेवर चालत आणि ती आजच्या प्रमाणवेळेपेक्षा सुमारे नऊ मिनिटे मागे होती. म्हणजे वर्धा स्थानकावरचे घड्याळ आणि गावातली सावली तेव्हाही वेगवेगळी वेळ सांगत होती. गाड्या एकमेकींवर आदळू नयेत यासाठी सर्व स्थानकांचे घड्याळ एक असणे महत्त्वाचे होते, मग ते सावलीशी जुळो वा न जुळो.

जिल्ह्याच्या मातीत याहून खोल धागा आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबरही तिथेच आहे. सर्वेक्षण करणाऱ्याला रेखांश काढायचा तर दोन ठिकाणच्या वेळांतला फरक मोजावा लागे. वेळ चुकली की जागा चुकली. आज जीपीएस उपग्रहाकडून येणारा संदेश हेच नाते उलटसुलट वापरतो: वेळेवरून जागा काढतो आणि जागा ठाऊक असेल तर वेळ देतो. दोनशे वर्षांत हत्यारे पार बदलली, पण सूत्र तेच राहिले.

अचूकतेची गरज कामानुसार ठरते, हेही आपल्याला जुने ठाऊक आहे. लग्नातल्या घटिकापात्राला चोवीस मिनिटांची घटका पुरेशी होती. हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांच्या पाळीला भोंगा पुरला. सेवाग्राम आश्रमातल्या प्रार्थनेला घंटा पुरली. आकाशवाणीच्या ठोक्यांवर मनगटी घड्याळ लावणाऱ्या पिढीला सेकंद पुरला. दोष ओळखून वाहिनी तोडणारा उपकेंद्रातला रिले मात्र मायक्रोसेकंद मागतो.

कुणाला किती हवे

वीज हे सर्वांत कडक गिऱ्हाईक. ५० हर्ट्झची लाट एका सेकंदात पन्नास फेऱ्या मारते, म्हणजे १८,००० अंश. एका मिलिसेकंदात ती १८ अंश सरकते, एका मायक्रोसेकंदात ०.०१८ अंश. दूरच्या दोन उपकेंद्रांतल्या लाटांचे कोन ताडून पाहणारे यंत्र म्हणजे फेजर मापन यंत्र. त्याला मान्य असलेली एकूण चूक एक टक्का. ती सगळी घड्याळाच्या खाती टाकली तरी घड्याळाला सुमारे ३२ मायक्रोसेकंदच मिळतात. बाकीच्या चुकांना जागा ठेवायची तर घड्याळ एका मायक्रोसेकंदाच्या आत असावे लागते.

अशा मापनाची किंमत देशाला २०१२ मध्ये कळली. ३० जुलैच्या पहाटे बिना-ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग कोसळले. पश्चिम विभाग तगला, म्हणून आपल्याकडचे दिवे चालू राहिले. चौकशी समितीने फेजर मापन यंत्रे मोठ्या प्रमाणावर बसवण्याची शिफारस केली. त्याआधी, १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका-कॅनडात वीजजाळे कोसळले होते. त्या तपासात कित्येक नोंदींच्या वेळा एकमेकींशी जुळत नसल्याने कारण आधी कोणते आणि परिणाम कोणता हे लावण्यातच फार काळ गेला. पुरावा हजारो नोंदींचा होता, पण नोंदींचा क्रम सांगता येत नव्हता.

उपकेंद्र डिजिटल झाले की गरज आणखी वाढते. तांब्याच्या तारांऐवजी प्रवाह आणि दाब यांची मोजमापे इथरनेटवरून जातात, सेकंदाला ४,००० नमुने, म्हणजे दर २५० मायक्रोसेकंदांनी एक. पंजाबातल्या मालेरकोटला येथे पॉवरग्रिडने असे उपकेंद्र चालवून दाखवले आहे. तिथे घड्याळ बिघडले तर नोंद चुकण्यावर भागत नाही, संरक्षणच लंगडे होते.

दुसरे गिऱ्हाईक मोबाइल टॉवर. आपल्याकडच्या ५जीच्या मुख्य पट्ट्यात पाठवणे आणि ऐकणे एकाच लहरीवर आळीपाळीने चालते. शेजारच्या दोन टॉवरांची पाळी जुळली नाही तर एक बोलत असताना दुसरा ऐकायला बसतो आणि गोंगाटच ऐकतो. म्हणून प्रत्येक टॉवरची वेळ मूळ वेळेच्या दीड मायक्रोसेकंदाच्या आत हवी. सेलू, आर्वी, कारंजा घाडगे भागातला रस्त्याकडेचा टॉवरही या नियमातून सुटत नाही.

तिसरे गिऱ्हाईक बँक, रुग्णालय, सरकारी कचेरी आणि सीसीटीव्ही. यांना मिलिसेकंद पुष्कळ झाले. पण तेवढेही नसेल तर सायबर गुन्ह्याच्या तपासात कोण आधी आत शिरले हे सांगता येत नाही. म्हणूनच सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व संस्थांना आपली घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा तिच्याशी नाते सांगू शकणाऱ्या स्रोताशी जुळवायला सांगितले.

वेळ पोचवण्याच्या तीन वाटा

सर्वांत रुळलेली वाट एनटीपी. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये तिचे पहिले रूप मांडले. आज जगातला जवळपास प्रत्येक संगणक तिच्यावर चालतो. कार्यालयाच्या जाळ्यात ती मिलिसेकंदाच्या आत बसते, इंटरनेटवरून काही मिलिसेकंद किंवा त्याहून सैल. कचेरीला पुरते, रिलेला नाही.

दुसरी वाट आयरिग-बी. उपकेंद्राच्या गच्चीवरचा जीपीएस ग्राहक आणि रिले यांच्यामध्ये वेगळी केबल टाकायची आणि त्यावरून दर सेकंदाला वेळेचा संकेत पाठवायचा. कामाला साधी, समजायला सोपी, नीट बसवली तर मायक्रोसेकंद देणारी. अडचण एवढीच की प्रत्येक पॅनेलपर्यंत स्वतंत्र तार न्यावी लागते.

तिसरी वाट पीटीपी, म्हणजे आयईईई १५८८ हे मानक. २००२ मध्ये ते आले, २००८ मध्ये त्याचे आजचे रूप ठरले, २०१९ मध्ये सुधारले. ज्या इथरनेटवरून माहिती जाते त्यावरूनच वेळही जाते. तिची कला एका साध्या हिशोबात आहे.

मुख्य घड्याळ संदेश पाठवते आणि पाठवल्याची वेळ टिपते. उपकरण तो मिळाल्याची वेळ टिपते. मग उपकरण उलटा संदेश पाठवते आणि पुन्हा दोन्हीकडे वेळ टिपली जाते. समजा उपकरणाचे घड्याळ ४० मायक्रोसेकंद पुढे आहे आणि वाटेला दोन्ही बाजूंनी ६ मायक्रोसेकंद लागतात. जाताना फरक दिसेल ४६, येताना दिसेल उणे ३४. दोन्हींची वजाबाकी करून अर्धे केले की ४० ही चूक हाती येते, बेरीज करून अर्धे केले की ६ हा वाटेचा वेळ. उपकरण ४० मायक्रोसेकंद मागे सरकते.

आता हाच हिशोब जाण्याची वाट ८ आणि येण्याची ६ मायक्रोसेकंद धरून करा. जाताना ४८, येताना उणे ३४. चूक निघते ४१. घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले आणि तेही आपण बरोबर आहोत या खात्रीने. पीटीपीला ही चूक आतून दिसत नाही, कारण दोन्ही वाटा सारख्या आहेत हे तिने गृहीतच धरलेले असते. प्रकाशतंतूतून जायला किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे जाण्या-येण्याच्या दोन तंतूंच्या लांबीत ४०० मीटरचा फरक असला की एवढी चूक होते. रस्तारुंदीकरणात जेसीबीने तंतू तोडला, घाईत एकच तंतू दुसऱ्या वाटेने वळवून जोडला, की हे घडू शकते. इंटरनेट सुरू झाले म्हणून सगळे समाधानी असतात. घड्याळाकडे कुणी पाहिलेले नसते.

जुळणी करताना

पीटीपी हे एक नाव असले तरी त्यात अनेक बोली आहेत. त्यांना प्रोफाइल म्हणतात. विजेसाठी आयईसी/आयईईई ६१८५०-९-३, दूरसंचारासाठी जी.८२७५.१, ध्वनिचित्र आणि वाहनांसाठी आणखी वेगळ्या. वीज प्रोफाइलमध्ये शेजारी-शेजारी वाटेचा वेळ मोजायचा असतो, मूळ मानकात टोकापासून टोकापर्यंत मोजण्याचीही सोय आहे. एक स्विच एका रीतीवर आणि दुसरा दुसऱ्या रीतीवर राहिला तर दोघेही चालू दिसतात, पण वेळ पुढे जात नाही. डोमेनचेही, म्हणजे घड्याळांच्या गटाला दिलेल्या क्रमांकाचेही, तसेच. नवे उपकरण वेळ घेत नसेल तर प्रोफाइल, डोमेन आणि मोजण्याची रीत या तीन गोष्टी आधी ताडून पाहाव्यात. पुष्कळदा दुखणे तिथेच सापडते.

मग स्विच. साधा स्विच संदेशाला रांगेत उभे करतो, गर्दी असेल तर जास्त, नसेल तर कमी. वेळेसाठी हे घातक. त्यामुळे संदेश आपल्यापाशी किती थांबला ते त्यातच लिहून पुढे पाठवणारे पारदर्शक घड्याळ, किंवा स्वतः वेळ घेऊन नव्याने पुढे देणारे सीमा घड्याळ असलेला स्विच लागतो. वीज प्रोफाइलचा हिशोब असा: मुख्य घड्याळाला २५० नॅनोसेकंद, प्रत्येक पारदर्शक स्विचला ५०. पंधरा स्विच ओलांडले की बरोबर एक मायक्रोसेकंद खर्ची पडतो. जाळ्याची आखणी करताना हा खर्च कागदावर मांडावा, कारण मधे बसवलेला एक स्वस्तातला स्विच तो सगळा उधळून टाकतो.

वेळेचा शिक्का कुठे बसतो हेही तितकेच महत्त्वाचे. संदेश तारेवर चढतो त्याच क्षणी हार्डवेअरने शिक्का मारायला हवा. तो सॉफ्टवेअरने मारला तर प्रोसेसर त्या क्षणी कशात गुंतला होता त्यावर वेळ ठरते. लिनक्सवर पीटीपीफोरएल हे साधन नेटवर्क कार्डाचे घड्याळ जुळवते. संगणकाचे स्वतःचे घड्याळ त्याच्याशी जुळवायला पीएचसीटूसिस वेगळे चालवावे लागते. हे दुसरे पाऊल विसरले की कार्ड नॅनोसेकंदांत बरोबर असते आणि नोंदवहीतली वेळ मात्र चुकीचीच राहते.

सर्वांत सूक्ष्म चूक मुख्य घड्याळ निवडण्याच्या नियमात लपलेली आहे. जाळ्यात अनेक घड्याळे असतील तर ती आपापसांत श्रेष्ठ कोण ते ठरवतात. पण तुलना पहिल्या प्राधान्य क्रमांकापासून सुरू होते आणि घड्याळाचा दर्जा त्यानंतर पाहिला जातो. कुणी उत्साहाने एका घड्याळाला पहिले प्राधान्य १० दिले आणि दुसऱ्याला मूळचे १२८ राहू दिले, तर पहिल्याचा जीपीएस तुटून ते भरकटत असले तरी तेच मुख्य राहते. शेजारी उपग्रहाशी जोडलेले निरोगी घड्याळ असूनही त्याचा नंबर लागत नाही. म्हणून पहिले प्राधान्य दोन्हींचे सारखे ठेवावे, दर्जाला बोलू द्यावे आणि आवडनिवड दुसऱ्या प्राधान्यात लिहावी. ज्यांनी कधीच मुख्य व्हायचे नाही त्यांना तसे बजावून ठेवावे.

शेवटी सेकंदांच्या आणि तासांच्या फरकांची गोष्ट. पीटीपी अणुकालात चालते. तो जागतिक वेळेपेक्षा १ जानेवारी २०१७ पासून ३७ सेकंद पुढे आहे. हा आकडा मुख्य घड्याळाने नीट कळवला नाही तर उपकरणे बरोबर ३७ सेकंद चुकतात. जीपीएसचा स्वतःचा फरक १८ सेकंदांचा. वर आपली साडेपाच तासांची प्रमाणवेळ. आयरिग-बीवर एका रिलेला जागतिक वेळ आणि शेजारच्याला प्रमाणवेळ असे लावले की एकाच घटनेच्या दोन नोंदी साडेपाच तासांनी वेगळ्या होतात. माझे मत असे की आत सर्वत्र जागतिक वेळ ठेवावी, माणसाला दाखवताना आणि अहवाल लिहिताना प्रमाणवेळ करावी, आणि हा नियम लिहून भिंतीवर लावावा.

मूळ स्रोत आणि त्याचा भरवसा

जिल्ह्यातल्या बहुतेक अचूक घड्याळांची वेळ गच्चीवरच्या अँटेनातून येते. त्या अँटेनाला आकाश मोकळे हवे, विजेपासून संरक्षण हवे आणि केबलचा हिशोब हवा. तीस मीटर केबलमध्ये संकेत १२० ते १५० नॅनोसेकंद उशिरा येतो. ग्राहकात ही लांबी भरायची एक जागा असते. ती रिकामी सोडली तर चूक कायमची बसते.

उपग्रहही चुकतात. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना प्रसारित माहितीत सुमारे १३ मायक्रोसेकंदांची चूक शिरली आणि जगभरच्या दूरसंचार जाळ्यांत धोक्याच्या सूचना वाजल्या. आपल्या नाविक या उपग्रहप्रणालीचे आधीचे काही उपग्रह त्यांतली आयात अणुघड्याळे बंद पडल्याने निकामी झाले. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये मात्र स्वदेशी रुबिडियम घड्याळ गेले. ज्याच्या हाती वेळ त्याच्या हाती जाळे, हे ध्यानात ठेवले तर या पावलाचे मोल कळते.

देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. ती अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटीच्या प्रयोगशाळांमधून देशभर पोचवण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने प्रमाणवेळ बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदाही लोकांपुढे ठेवला. दिशा योग्य आहे. पण या पाच ठिकाणांतले एकही विदर्भात नाही, आणि वेळ तंतूवरून लांबचा प्रवास करते तेव्हा वर सांगितलेली दोन वाटांची विषमता सोबत येते. म्हणून जमिनीवरून येणारी राष्ट्रीय वेळ आणि आकाशातून येणारी उपग्रहाची वेळ, दोन्ही घ्याव्यात आणि एकीने दुसरीवर लक्ष ठेवावे.

स्रोत तुटल्यावरचा काळ हा तिसरा प्रश्न आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. दहा लाखांत एक एवढी चूक असलेला साधा स्फटिक प्रत्येक सेकंदाला एक मायक्रोसेकंद हरवतो. चोवीस तास दीड मायक्रोसेकंदात राहायचे तर त्याहून सुमारे साठ हजार पट स्थिर घड्याळ लागते, म्हणजे रुबिडियम किंवा उत्तम प्रतीचा तापनियंत्रित स्फटिक. वर्ध्याचा मे महिना पारा ४५ अंशांपलीकडे नेतो. एसी बंद पडलेल्या खोलीत स्फटिक कागदावरच्या आकड्याप्रमाणे वागत नाही. निविदेत खरेदीपूर्वीच विचारावे की आमच्या उन्हाळ्यात, जीपीएसशिवाय, हे यंत्र किती तास टिकेल.

काय करता येईल

जाणकारांत काही मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. चालू असलेली आयरिग-बी काढून पीटीपी घालावी का? माझे उत्तर: जुने पॅनेल असेल तर घाई नको, नवे उपकेंद्र असेल तर पीटीपीच. प्रत्येक टॉवरवर जीपीएस की तंतूवरून वेळ? दोन्ही, एक मुख्य आणि एक राखीव. जागतिक वेळेत मधूनच घातला जाणारा लीप सेकंद २०३५ पर्यंत मोडीत काढण्याचे २०२२ मध्ये ठरले, त्यामुळे त्या एका सेकंदाची डोकेदुखी कमी होईल. बाकीची राहील.

या सगळ्याला यंत्रांइतकीच माणसे लागतात. सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना दोन संगणक, हार्डवेअर शिक्का मारणारी दोन कार्डे आणि एक उपग्रह ग्राहक दिला तर वरचा ४० आणि ६ चा हिशोब ती एका दुपारी स्वतः करून पाहतील. मुद्दाम एका बाजूचा तंतू लांबवून एक मायक्रोसेकंदाची लबाडीही पकडतील. हा अनुभव घेतलेला मुलगा किंवा मुलगी उद्या उपकेंद्रात किंवा टॉवर कंपनीत गेली की घड्याळाकडे पाहण्याची तिची नजर वेगळी असेल.

आणि प्रत्येक जागी एक वही असावी. प्रत्येक उपकरणापुढे तीन रकाने: वेळ कुठून येते, कोणत्या वाटेने येते, स्रोत तुटला तर किती तास टिकते. तंतू बदलला, स्विच बदलला, अँटेना हलवली की ओळ नव्याने लिहावी आणि अँटेनाची केबल मुद्दाम काढून तिसऱ्या रकान्यातला आकडा वर्षातून एकदा तपासावा. ही वही भरलेली असेल तर पावसाळ्याच्या त्या रात्री गँग थेट त्या टॉवरपाशी जाईल आणि उजाडायच्या आत वाहिनी पुन्हा चालू होईल.